विजेची तूट ०.१ टक्का : हा आकडा नेमकं काय मोजतो?

पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्याच पानावर एखादा राष्ट्रीय आकडा टाकावासा वाटतो. विषय विजेचा असेल तर तो आकडा बहुतेक वेळा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या तक्त्यातून येतो. देशाला किती वीज लागली, किती मिळाली आणि किती कमी पडली, असे त्याचे तीन रकाने. सरकारी आहे, दरवर्षी निघतो, फुकट मिळतो. त्यामुळे कुणी त्याची फारशी चौकशी करत नाही. आज ती करू.

आधी तक्ता काय म्हणतो ते पाहा. २०१२-१३ मध्ये देशाची गरज होती ९,९५,५५७ दशलक्ष युनिट आणि कमी पडले ८६,९०५, म्हणजे ८.७ टक्के. २०२४-२५ मध्ये गरज १६,९३,९५९ दशलक्ष युनिटवर गेली आणि कमी पडले फक्त १,५९०, म्हणजे जेमतेम ०.१ टक्का.

ही सुधारणा खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. मधल्या काळात वीजनिर्मितीची क्षमता वाढली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. एका भागातली जास्तीची वीज दुसऱ्या भागात नेणं त्यामुळे सोपं झालं. मग तुम्ही विचाराल, ‘तूट शून्यावर आली, तर आमच्याकडे लाईट का जाते?’

या प्रश्नाला दोन आळशी उत्तरं आहेत. एक, ‘सरकार आकडे लपवतंय.’ दुसरं, ‘लोकांना ओरडायची सवयच आहे.’ दोन्ही बाजूला ठेवा आणि रकान्यांची नावं नीट वाचा.

पहिला रकाना ‘गरज’. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथेच ठेच लागायला हवी. तारेतून वाहिलेली वीज मीटरवर मोजता येते. न वाहिलेली वीज कुठल्याच मीटरवर दिसत नाही, तिचा अंदाज करावा लागतो. मोटामोट सांगायचं तर पुरवलेली वीज अधिक नोंदवलेली कपात म्हणजे ‘गरज’. जी कपात ‘तूट’ म्हणून नोंदवलीच गेली नाही, ती गरजेतही नाही आणि तुटीतही नाही.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घ्या. शेतीच्या फिडरला थ्री-फेज वीज पाळीपाळीने ठरावीक तास मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोन वाजता पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच वीज हवी होती, हे या तक्त्यात कुठे बसणार? कुठेच नाही. ते ‘वेळापत्रक’ झालं, तूट नव्हे. ग्राहकांच्या हक्कांविषयी केंद्राने २०२० मध्ये नियम केले. त्यांत सर्वांना चोवीस तास वीज असं म्हटलंय. पण शेतीसारख्या काही वर्गांना कमी तास ठरवून देण्याची मुभा आयोगाला त्याच नियमांत आहे.

घरांचंही तसंच. २०१२ च्या शेवटी महाराष्ट्र भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं, ते आठवत असेल. ती मुक्ती ए ते डी गटांतल्या फिडरना होती. वीजगळती आणि थकबाकी जास्त असलेल्या ई, एफ, जी गटांत भारनियमन चालूच राहिलं. म्हणजे निकष ‘वीज आहे का’ हा नव्हता, ‘या फिडरला देणं परवडतं का’ हा होता. त्याच फिडरवर दर महिन्याला वेळेवर बिल भरणारी घरंही असतात. शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा त्यांनाही होते.

आता मोजणी कुठे होते ते पाहू. घरच्या पुरवठ्यासाठी ‘सैडी’ नावाचा वेगळा निर्देशांक आहे: एका ग्राहकाची वीज वर्षात सरासरी किती वेळ गेली. ऐकायला नेमका हवा तोच आकडा. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा ११ केव्ही फिडरच्या पातळीवर काढतात. समजा, एका फिडरवर २,००० ग्राहक आहेत. त्यातल्या ६० घरांची डीपी जळाली आणि नवी यायला पाच दिवस लागले. फिडर तर चालूच होता, म्हणून त्याच्या नोंदीत खंड शून्य मिनिटं. घरागणिक मोजलं तर ६० गुणिले १२० तास, म्हणजे ७,२०० ग्राहक-तास. भागिले २,०००, सरासरी ३.६ तास. आणि त्या ६० घरांना विचारलंत तर १२० तास. शून्य, ३.६ आणि १२०, तिन्ही उत्तरं एकाच घटनेची आहेत आणि गणितात तिन्ही बरोबर. पीठाची गिरणी पाच दिवस बंद राहिली, हे फक्त तिसऱ्यात दिसतं.

तिसरी अडचण व्होल्टेजची. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. संध्याकाळी १५० आले तर बल्ब मिणमिणतो, मोटर उचलत नाही, मिक्सर फिरत नाही. तरी नोंद होते ‘पुरवठा सुरू’.

गंमत म्हणजे हे सगळं सरकार स्वतःच अर्धंमुर्धं मान्य करतं. संसदेतल्या उत्तरांत ऊर्जा मंत्रालय सांगतं, की उरलेली किरकोळ तफावत सहसा वीज उपलब्ध नसल्यामुळे नसते. कारणं वितरण जाळ्यातल्या अडचणींची असतात, पैशांची किंवा व्यवहाराची असतात, कधी संच अचानक बंद पडतो. टीका करायची तर या वाक्याचा हात धरून करा. ‘वीज आहे पण पोचत नाही’ असं तक्त्याचे मालकच म्हणत असतील, तर घरचा अंधार मोजायला हा तक्ता वापरणं ही वापरणाऱ्याची चूक.

मग देशपातळीवरच्या तुटीचा धोका संपला का? नाही. पण तोही वार्षिक टक्क्यात दिसणार नाही. १,५९० दशलक्ष युनिट वर्षाच्या ८,७६० तासांवर पसरा. सरासरी १८० मेगावॉटच्या आसपास येते, म्हणजे देशाच्या हिशेबात नगण्य. तेवढीच तूट २०० तासांत आली असं धरा, तर दर तासाला जवळपास ८,००० मेगावॉट. ३० मे २०२४ रोजी देशाने सुमारे २५० गिगावॉटची विक्रमी मागणी भागवली, ती दुपारी, सौर वीज जोरात असताना. खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर, पंखे आणि एसी चालूच असताना सुरू होते. म्हणून हा धोका मोजायचा तर तासागणिक आकडे घ्या.

पर्यायी मोजमाप कसं दिसतं ते पाहायचं असेल तर पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाचा वीजपुरवठा देखरेख उपक्रम बघा. घरातल्या सॉकेटला एक छोटं यंत्र लावायचं. ते दर मिनिटाचं व्होल्टेज नोंदवून मोबाईल नेटवर्कवरून पाठवतं. मोजणी तिथे, जिथे माणूस वीज वापरतो. पण याही माहितीला डोळे झाकून सलाम करू नका. ज्या घरात सॉकेट आहे आणि यंत्र लावू द्यायची तयारी आहे, तेवढीच घरं त्यात येतात. चार-दोन यंत्रांवरून अख्ख्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

एवढी चिरफाड कशासाठी? कारण आजार चुकला की औषध चुकतं. दुखणं निर्मितीचं असेल तर वीजकेंद्र किंवा बॅटरी हवी. डीपीचं असेल तर रोहित्र, ऑइल आणि वायरमन हवा. गटवारीचं असेल तर धोरण बदलायला हवं. डीपी जळालेल्या गावासाठी नवं वीजकेंद्र बांधलं, तर त्याचा खर्च वीजदरातून त्याच गावाकडून वसूल होईल आणि पुढच्या पावसात लाईट पुन्हा जाईल.

तेव्हा प्रस्तावात तो ०.१ टक्का जरूर लिहा, पण शेजारी तीन गोष्टी लिहा: गरज कुणी ठरवली, मोजणी तारेच्या कुठल्या टोकाला झाली, आणि सरासरी किती काळाची काढली. मग एकच फिडर निवडा. उपकेंद्रातली नोंदवही, एखाद्या घरातलं व्होल्टेज आणि तिथल्या लोकांनी लिहिलेल्या वेळा, महिनाभर शेजारीशेजारी ठेवा. तिन्ही जिथे जुळत नाहीत, तिथून तुमचं काम सुरू करा.