शब्दाचे स्वामित्व आणि प्रौढत्व

कुमारवयातून प्रौढत्वाकडे होणारे संक्रमण हा पाश्चात्त्य कादंबरीचा रूढ विषय होय. तिचा नायक बहुधा घर सोडतो, जग पाहतो आणि अखेरीस एखाद्या व्यवसायात स्थिरावतो. अमेरिकेतील मेक्सिकन-अमेरिकन शेतमजुरांच्या मुलांना हा साचा लागू पडत नाही. त्यांचे घरच हंगामामागून फिरत असते व श्रम बाल्यातच सुरू होतात. तेथील १९३८ चा संघीय श्रमकायदा व त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांनुसार, पालकांची संमती असल्यास, १२ वर्षांच्या मुलालाही शाळेच्या वेळेबाहेर शेतात मजुरी करता येते. श्रम हे जेथे प्रौढत्वाचे लक्षण ठरत नाही, तेथे ते कशाने ओळखावे?

टोमास रिव्हेरा (१९३५–१९८४) हे स्वतः अशाच कुटुंबात वाढले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘...इ नो से लो त्रागो ला तिएर्रा’ (आणि भूमीने त्याला गिळले नाही) या त्यांच्या स्पॅनिश कादंबरीतील अनाम मुलगा, उन्हाने आजारी पडलेल्या वडिलांना व धाकट्या भावाला पाहून देवाला शिव्या देतो. भूमी दुभंगत नाही. निषिद्ध शब्द उच्चारूनही जग जागच्या जागी राहते, हा त्याचा पहिला प्रौढ अनुभव होय. शेवटी घराखाली दडून तो ऐकलेले सारे आवाज मनात एकत्र करतो. लोकांना तो वेडा वाटतो. त्याला मात्र हरवलेले गवसलेले असते.

हेलेना मारिया व्हिरामोंतेस यांच्या ‘अंडर द फीट ऑफ जीझस’ (१९९५) मधील १३ वर्षांची एस्ट्रेया अवजारांच्या नावांतून वाचनाकडे वळते. पुढे कीटकनाशकाने आजारी झालेल्या अलेहोसाठी दवाखान्यात दिलेले पैसे ती परत मागते. विनवणी व्यर्थ ठरते, तेव्हा ती पहार उचलते. अवजाराचे नाव शिकलेल्या मुलीला नाव अपुरे पडल्यावर अवजारच हाती घ्यावे लागते, हा या कृतीचा मर्मभेदक अर्थ आहे.

कोठाराच्या छपरावर उभ्या असलेल्या एस्ट्रेयाला अखेरीस प्रतीकाचे रूप येते. त्या दीप्तीत दुसऱ्या दिवशीची मजुरी दिसेनाशी होते. रिव्हेरांचा संयम त्याहून अधिक सत्यनिष्ठ वाटतो. तथापि दोघांच्याही कृतींतून एकच निष्कर्ष निघतो: येथे प्रौढत्व म्हणजे घरापासून दूर जाणे नसून, घराच्या वतीने बोलण्याचा भार स्वीकारणे होय. मात्र त्या बोलण्याला श्रोता मिळेलच, अशी हमी यांतील एकही कादंबरी देत नाही.