किंमत कानाला ऐकू येते का?

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, बेटेगावात बसून लाखालाखाच्या ॲम्प्लिफायरची चर्चा कशाला? पण एमआयडीसीत नोकरीला लागलेली आपली मुलं बोनस हाती आला की म्युझिक सिस्टिमचा विचार करतात. बोईसरहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरतात, लॅमिंग्टन रोडवर चौकशी करतात, आणि त्याआधी परीक्षणं वाचतात. तेव्हा या परीक्षणांवर कितपत विसंबावं, हा घामाच्या पैशाचा प्रश्न आहे.

ॲम्प्लिफायरचं काम एकच. बारीक सिग्नल मोठा करायचा. त्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. म्हणजे चांगल्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज नसावा. पण मासिकं नेमकं त्याच आवाजाचं वर्णन करतात. ऊब, गोडवा, खोली, मोकळेपणा! ही भाषा वाइनच्या परीक्षणासारखी आहे. खोडून काढता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

दोन प्रसंग सांगतो. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन इंजिनिअरने 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा महागडा ॲम्प्लिफायर आणा, माझा स्वस्तातला तसाच वाजवून दाखवतो. त्याने दोन्हींना एकच सिग्नल दिला, एकाच्या आउटपुटमधून दुसऱ्याचं वजा केलं, आणि उरलेला फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत आपलं सर्किट बदलत राहिला. शेवटी संपादकांना फरक ओळखता आला नाही. आता यातून 'सगळे ॲम्प्लिफायर सारखेच' असा अर्थ काढायची घाई करू नका. सुरुवातीला फरक होताच. पण तो मोजता येणारा होता, म्हणून काढताही आला. किमतीत दडलेली कुठली जादू नव्हती.

दुसरा प्रसंग १९८७चा. 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत यंत्रं घेतली, आवाजाची पातळी समान केली, आणि कोणतं वाजतंय हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. उत्तरं एकूण नाणेफेकीच्या जवळपासच राहिली.

पातळी समान करणं फार महत्त्वाचं. अर्ध्या डेसिबलचा फरक 'मोठा आवाज' म्हणून लक्षात येत नाही. 'जास्त स्पष्ट', 'जास्त जिवंत' असा जाणवतो. तारापूरच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बॅच पास होते ती लॅबच्या रिपोर्टवर, कोणाला गोळी छान वाटली म्हणून नाही. औषधाच्या चाचणीत रुग्णालाही कळू देत नाहीत, खरी गोळी कोणती आणि साखरेची कोणती. मग परीक्षकाने समोर ब्रँड आणि किंमत दिसत असताना दिलेला निकाल आपण का मानावा? परीक्षक लबाड असतो असं मी म्हणत नाही. तो प्रामाणिकपणे ऐकतो. पण डोळ्यांनीही ऐकतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ॲम्प्लिफायर कमी ताकदीचा असेल, स्पीकर चालवायला जड असतील, तर फरक पडतो. काही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्पीकरनुसार स्वर बदलतात. आणि 'स्टिरिओफाइल' परीक्षणासोबत प्रयोगशाळेतली मोजमापंही छापतं, याचं श्रेय दिलंच पाहिजे. माझा सल्ला असा, की आधी ते पान वाचा, विशेषणं नंतर.

बरं, फसवणूक महागातच होते असंही नाही. स्वस्त सिस्टिमच्या खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. मागची पट्टी बघा. भिंतीतल्या प्लगमधून यंत्र ६० वॅट घेत असेल, तर सतत ६०पेक्षा जास्त देणार कुठून? आरएमएसचा आकडा विचारा. तोही दुप्पट झाला, ५० वॅटचे १०० झाले, तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सर, महाग घेणारे मूर्ख का?)

नाही हो. मजबूत बांधणी, देखणेपणा, दुरुस्तीची सोय यांना किंमत आहे. हौसेलाही आहे. पण हौसेची पावती हौसेच्या नावाने फाडावी, शास्त्राच्या नावाने नाही. ज्याचं बजेट मर्यादित आहे, त्याने ठीकठाक ताकदीचा, स्वच्छ मोजमापांचा ॲम्प्लिफायर घ्यावा आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत. घरात जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच. तिथला फरक ऐकायला मासिक लागत नाही.