करड्या रंगाची शिकवणी

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकताना एखाद्या अभिजात चित्राची प्रत करायची, तर राफाएलनं 1514-15च्या सुमारास रंगवलेला बाल्दासारे कास्तिल्योने घ्यावा. पॅरिसच्या लूव्रमधलं हे चित्र भडक रंगाच्या जोरावर वेळ मारून नेऊ देत नाही.

काळी टोपी, काळा पोशाख, करडी फर, छातीवर पांढरा सदरा, मागं मातकट राखाडी भिंत. निळा काय तो डोळ्यांत. प्रत करणारा पहिल्यांदा अडतो तो करड्यापाशी. नुसता काळा-पांढरा कालवला की छटा निळसर, निर्जीव उतरते. भिंतीसाठी त्यात थोडा ओकर, थोडा अंबर लागतो. मग तिच्याशेजारी फर आपोआप थंड वाटू लागते. करडा एकटा ओळखता येत नाही, हे इथं हाताला कळतं.

दुसरी परीक्षा दाढीची. नवशिका एकेक केस काढत बसतो. राफाएलनं दाढीची कड गालात अलगद विरघळवली आहे आणि तिच्याखाली सदऱ्याचा लख्ख पांढरा ठेवला आहे. त्या पांढऱ्यामुळे दाढीचा गडदपणा उठतो आणि नजर परत चेहऱ्याकडे वळते. हात जुळवलेले, पण चित्राच्या खालच्या कडेनं कापलेले. तिथं लक्ष रेंगाळू नये अशी तजवीज.

कष्ट दिसू न देता काम सहज झाल्यासारखं वाटावं, हा दरबारी माणसाचा गुण कास्तिल्योनेनं 1528 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात वाखाणला आहे. त्याच्या मित्रानं, राफाएलनं, तो आधीच रंगांत उतरवला होता. प्रत करताना मात्र ती सहजता किती मेहनतीची, हे पुरतं उमगतं.

थोरामोठ्यांनीही ही शिकवणी लावली. रुबेन्सनं या चित्राची प्रत केली. रेम्ब्रांनं 1639 साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या लिलावात हे चित्र पाहून झटपट रेखाटन केलं, शेजारी 3,500 गिल्डर ही किंमतही टिपली. त्याच्या रेखाटनात टोपी चक्क तिरकी झाली. पुढच्याच वर्षीच्या त्याच्या आत्मचित्रात मात्र खांद्याचं ते वळण आणि तो संथ रुबाब दिसतो. चेहरा सर्वस्वी त्याचा. प्रत हुबेहूब झाली का, हे मोजपट्टी सांगेल. तिच्यातलं काय अंगी लागलं, याचा निकाल पुढच्या स्वतंत्र चित्रातच लागतो.