पाठीशी असणे

मराठी भावकवितेने उदासपणाला जितक्या मायेने जपले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या भावनेला जपले असेल. बालकवींची (१८९०–१९१८) ‘उदासीनता’ ही कविता मी आजवर कितीदा म्हणून दाखवली असेल याची गणती नाही. ज्या खिन्नतेचे कारण तिच्या धन्यालाही सापडत नाही, ती त्यांनी अचूक ओळखली होती, हे आजचा मानसोपचारतज्ज्ञही मान्य करील. मात्र त्या कवितेत कवीच्या शेजारी कोणी नाही. ही तक्रार कवीविषयी नव्हे, आम्हा रसिकांविषयी आहे. खिन्नता सुंदर असते हे आम्ही शिकलो; खिन्न माणसाजवळ कसे बसावे हे शिकायचे मात्र राहून गेले.

हे मला उमगले ते एका फजितीतून. माझा एक जुना स्नेही खालापूर तालुक्यात शिक्षक. २०१८ च्या पावसाळ्यात त्याचे शाळेत जाणे थांबले. पहाटे तीनला जाग येई ती पुन्हा झोप लागू देत नसे. जेवणावरची वासना उडाली. विद्यार्थ्यांच्या वह्या समोर ठेवून तो ओटीवर तासन् तास बसे, आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ एवढेच पुटपुटे. मी दर रविवारी कर्जतहून खोपोलीची लोकल धरून जाई. त्याला कविता ऐकवी, माथेरानला चल म्हणे, ‘अरे, मन घट्ट कर, तुला काय कमी आहे?’ असे विचारी. माझ्या प्रत्येक उपदेशानंतर तो थोडा अधिक खाली बसे. मला वाटे, हा ऐकत नाही. खरे तर तो ऐकत होता, आणि आपल्याला हेही जमत नाही याची नोंद करीत होता.

वहिनींनी उपदेश केला नाही. त्या तांदूळ निवडायला त्याच्याजवळ येऊन बसत. एके संध्याकाळी त्यांनी सरळ विचारले, ‘‘अहो, जीव नकोसा झालाय का तुम्हांला?’’ मी दचकलो. असे विचारल्याने नको तो विचार मनात भरेल, असा माझा समज. तो समज चुकीचा आहे. विचारल्याने आत्महत्येचा विचार पेरला जात नाही, आतला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. तो लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. गोळ्यांचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागले. त्या आठवड्यांत ‘अजून बरे कसे वाटत नाही?’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचारही चालले, आणि दिवाळीनंतर तो शाळेत रुजू झाला.

पुढे मी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहिला, तेव्हा पडद्यावर मला वहिनीच दिसल्या. २०१६ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवणारी ही कलाकृती नैराश्याविषयी आहे असे म्हणतात. माझ्या मते ती शुश्रूषेविषयी आहे. जीव द्यायला निघालेल्या मानवला जानकी घरी आणते, आणि त्याच्याकडून कसलाच जबाब मागत नाही. तो तुसडेपणाने वागतो, मुका राहतो, ती थांबते. ती स्वतः अशाच काळोखातून गेलेली असल्यामुळे तिच्या थांबण्यात उपकाराचा दर्प नाही. त्याच दोघांच्या ‘देवराई’तही (२००४) आजारी भावाची बहीण आपल्याला भेटली होती. आजारी माणसाइतकेच सोबतीलाही नायकपद द्यावे, हा या जोडीचा मराठीला लाभलेला मोठा वारसा आहे.

चित्रपटाचे रूपकही येथे नेमके लागू पडते. किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांना कुंपण घालतात, राखण करतात. पण पिल्ले बाहेर पडली की समुद्रापर्यंतची वाट त्यांची त्यांनाच चालू देतात. राखायचे कुठवर आणि सोडायचे कुठे, हा शुश्रूषेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

तथापि एक उणीव नोंदवलीच पाहिजे. जानकीजवळ समुद्रकाठचे मोठे घर आहे, गाडी आहे, वेळ आहे. भाताच्या लावणीच्या दिवसांत आमच्या तालुक्यांत असा वेळ कोणाजवळ असतो? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा सारा खालापूर धावला. त्या दुःखाचे कारण डोळ्यांना दिसत होते. ज्या दुःखाची दरड दिसत नाही, त्याच्यासाठी कोण धावणार? कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. २०१८ साली डॉ. भरत वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण घरातच बसून हरवलेल्यांना शोधायचे काम घरच्यांचेच आणि शेजाऱ्यांचे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. तो क्रमांक फिरवून देणारा हातही सोबतीचाच लागतो. ही साधी, गरिबीतली सोबत आपल्या कथा-कादंबऱ्यांनी अजून पुरेशी पाहिलेली नाही.

बरा झाल्यावर तो एकदा कर्जत स्टेशनावर मला सोबत करायला आला होता. पुण्याच्या गाडीला मागून बँकर इंजिने जोडत होते. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, तो त्यांच्यावाचून जड गाड्यांना झेपत नाही. तो बघत म्हणाला, ‘‘पुढचं इंजिन गाडीचं स्वतःचंच असतं बघ. तू माझं पुढचं इंजिन व्हायला बघत होतास. हिनं नुसता मागून जोर दिला.’’

मी काही बोललो नाही. त्या वर्षीच्या धड्यांपैकी तेवढा एक तरी मला पाठ झाला होता.