विषयः की विषय :

ऑफिसच्या मराठीत एक खूण अशी आहे, जी उमटवताना कुणीच विचार करत नाही. 'विषय' लिहायचं, दोन टिंबं द्यायची, पुढे आडवी रेघ ओढायची. विषय :-, संदर्भ :-, प्रत :-. ग्रामपंचायतीचा दाखला असो, बँकेचं पत्र असो, नाहीतर हिंजवडीतल्या एखाद्या सोसायटीची 'उद्या टँकर उशिरा येईल' ही नोटीस, ही खूण पाटीच्या खिळ्यासारखी ठोकलेलीच असते. नोटीस घाईघाईत टाइप केलेली असेल तर बऱ्याचदा तिथे कोलनही नसतो. 'विषयः', 'सूचनाः', 'वेळः' असा सरळ विसर्ग असतो.

कोलनला मराठीत अपूर्णविराम म्हणतात, सेमिकोलनला अर्धविराम. कामकाजाच्या लेखनात पहिल्याची नुसती पाटी झाली आणि दुसरा दिसेनासा झाला. शुद्धलेखनावर आपण कितीतरी भांडतो, पण ते भांडण ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारापाशी संपतं. महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ नियमही त्याच प्रांतातले. दोन वाक्यांच्या मधल्या जागेचं काय, हे आपण शाळेतल्या दोन गुणांच्या प्रश्नावर सोडून दिलं आहे.

आधी विसर्गाचं बघू. विसर्ग हा उच्चार आहे, खूण नाही. 'विषयः' मोठ्याने वाचलं तर 'विषयह' होतं. गंमत म्हणजे 'विषयः' हे निदान शुद्ध संस्कृत आहे, 'सूचनाः' हे संस्कृतात अनेकवचन होतं; 'वेळः' मात्र कुठेच बसत नाही. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, मशीनला नाही. युनिकोडमध्ये कोलनचा क्रमांक ५८, विसर्गाचा २३०७. कोलनपाशी ओळ तोडून डावीकडे नाव आणि उजवीकडे माहिती असं वाचणारा प्रोग्राम 'दिनांकः'पाशी तोडायला काही सापडलंच नाही म्हणून पुढे जातो. मराठी फॉर्म डिजिटाइझ करण्याच्या कामात ज्याने हात घातलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

यात टाइप करणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. सरकारी कामात चालणाऱ्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, इंग्रजीत जिथे कोलन आणि सेमिकोलन असतात, नेमक्या त्याच कळीवर च आणि छ बसवलेत. एका कोलनसाठी भाषा बदलून इंग्रजीत जायचं आणि परत यायचं, हा उद्योग दिवसाला दोनशे ओळी टाइप करणारा माणूस का करेल? विसर्ग हाताशी असतो. मला तर वाटतं, ':-' मधली ती रेघही याच भीतीतून टिकली असावी : कुणी विसर्ग समजू नये म्हणून. इंग्रजी छपाईतून कोलन-डॅशची ही जोडी केव्हाच मागे पडली, आपल्या जावक रजिस्टरात ती अजून ठणठणीत आहे.

या खुणा मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या कोशावर काम केलेले, पुण्यात सरकारी भाषांतराचं खातं सांभाळलेले हे गृहस्थ. १८५० साली त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक आलं. त्याआधी पोथीत दंड होता, पण रोजचा व्यवहार मोडीत चाले; आणि मोडी म्हणजे आधी ओळभर रेघ ओढायची, मग शब्दांतही जागा न सोडता लिहीत जायचं. पत्र संपलं हे कळायला शेवटी शिक्का लागे. शिवकालीन पत्रांवरचा 'मर्यादेयं विराजते' किंवा पुढच्या काळातला 'लेखनसीमा' हा एका अर्थी अख्ख्या पत्राचा पूर्णविराम होता.

आतली वाक्यं मग एकमेकांना कशी धरून राहत? शब्दांनी. ऊन-प्रत्ययांच्या साखळीने, 'येणेप्रमाणे'ने, 'ऐसे की'ने. बोलताना आपण आजही हेच करतो. 'मुद्दा असा की', 'म्हणजे', 'तर' हे सगळे बोलके कोलन आहेत. म्हणून 'तपशील खालीलप्रमाणे :-' वाचताना मला दया येते. 'खालीलप्रमाणे' हा शब्द खाली बघा म्हणतो, कोलन खाली बघा म्हणतो, रेघही तेच म्हणते. इतकी बोटं दाखवल्यावर खाली निदान काहीतरी भारी असावं ना? असतं काय, तर 'वरील विषयास अनुसरून'.

खरी गफलत नावांत आहे. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम : ही सगळी थांबण्याची मापं झाली. त्या काळच्या इंग्रजी व्याकरणांतही हीच समजूत होती. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या, प्रचंड खपलेल्या व्याकरणात कॉमापेक्षा सेमिकोलनला दुप्पट थांबायचं, कोलनला त्याच्या दुप्पट, फुलस्टॉपला त्याच्याही दुप्पट. म्हणजे १, २, ४, ८. (इंजिनिअरला हे पाहून उगाच बरं वाटतं.) पण कामाचा मजकूर कुणी मोठ्याने वाचत नाही. तो मेट्रोच्या खांबांखाली अडकलेल्या कॅबमध्ये, मोबाईलवर, तिरक्या नजरेने वाचला जातो. तिथे श्वास मोजून काही हाती लागत नाही. पुढचं वाक्य मागच्याचं कोण लागतं, हे कळायला हवं.

शाळेत शिकवलेला अर्धविरामाचा नियम तर त्याला बिनकामाचा करून ठेवतो : दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडली की मध्ये अर्धविराम. उदाहरणार्थ, 'पाऊस थांबला; पण वाकडचा पूल तुंबलेलाच होता.' इथे विरोध दाखवायचं काम 'पण'ने केलेलंच आहे, अर्धविराम सिग्नल चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या हवालदारासारखा. आजच्या इंग्रजीतला मुख्य नियम याच्या जवळजवळ उलटा आहे : जोडणारा शब्द नसेल, तेव्हा सेमिकोलन. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी 'बट'च्या आधी सर्रास सेमिकोलन देई, त्यामुळे आपला नियम तेव्हापासून तसाच राहिला असावा असा माझा अंदाज आहे. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे आयुष्यात कधी वापरत नाहीत. साहजिकच आहे.

आणि तरी अर्धविरामाचा उत्तम नमुना प्रत्येक मराठी मुलाच्या दप्तरात असतो. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली राज्यघटनेची उद्देशिका काढून बघा. न्याय तीन प्रकारचा, स्वातंत्र्य पाच गोष्टींचं, समानता दोन बाबतींतली. आतल्या यादीला स्वल्पविराम, बाहेरच्या गटांना अर्धविराम. सगळीकडे स्वल्पविरामच टाकले तर न्याय कुठे संपतो आणि स्वातंत्र्य कुठे सुरू होतं, हे शोधायला दोनदा वाचावं लागेल. कुठल्याही कंत्राटात, कामाच्या यादीत, 'कोण काय करणार' छापाच्या मेलमध्ये नेमकं हेच लागतं. आपण तिथे बुलेट पॉइंट टाकतो. दिसायला सुटसुटीत, पण दोन बुलेटमधलं नातं सांगायची जबाबदारी अंगावर येत नाही.

ही जबाबदारी किती महाग पडू शकते, ते बिघाडाच्या अहवालात दिसतं. आयटीत काही बंद पडलं की क्लायंटला 'मूळ कारण' लिहून पाठवावं लागतं. मेल इंग्रजीत असतो, मी मराठीत मांडतो. 'पेमेंट १.२० ला अडकली. नवा कोड १ वाजता चढवला होता.' या झाल्या दोन नोंदी. 'पेमेंट १.२० ला अडकली; नवा कोड १ वाजता चढवला होता.' आता दोन्ही एकत्र बघा, पण यामुळेच ते झालं असं मी म्हणत नाही. 'पेमेंट १.२० ला अडकली : नवा कोड १ वाजता चढवला होता.' इथे निकाल लागला. शब्द तेच आहेत.

अर्धविराम साळसूद असतो असं नाही. पुरावा नसताना नुसता संशय पेरायलाही तो सोयीचा आहे, आणि कारण ठाऊक असताना ते दोन पूर्णविरामांत दडवणारेही मी पाहिलेत. पण कारण खरंच अजून कळलेलं नसतं, त्या पहिल्या काही तासांसाठी त्याच्यासारखी प्रामाणिक खूण दुसरी नाही.

मी पाहिलेल्या अशाच एका प्रकरणात पहिला मेल पहाटे गेला, कोलनसकट. कोड चढवणारा मुलगा सहा महिन्यांपूर्वी लागलेला. दुपारपर्यंत त्याचं नाव तीन मीटिंगांत घेऊन झालं होतं. चौथ्या दिवशी कळलं की एका सर्टिफिकेटची मुदत त्या रात्री संपली होती, नव्या कोडचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दुरुस्त अहवाल पाठवला गेला, तो कुणी उघडला की नाही माहीत नाही. पहिला मेल मात्र अजूनही त्या धाग्यात सगळ्यात वर आहे.