हेरगिरी घरातली

इब्ने सफी यांची 'इमरान सिरीज' १९५५ साली 'खौफनाक इमारत'पासून सुरू झाली आणि १९८० मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालू राहिली. शंभरावर नावले. खून, तस्करी, परकीय हस्तक हे सारे त्यात आहेच; पण मला तिचा गाभा एका घरगुती गुपितात दिसतो. अली इमरानचे वालिद रहमान साहेब हे गुप्तचर खात्याचे सर्वोच्च अधिकारी. मुलगा उडाणटप्पू निघाला म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढलेले. आणि सिक्रेट सर्व्हिसचा प्रमुख 'एक्स टू' म्हणजे हाच मुलगा, हे मोजक्या लोकांनाच माहीत. बापाला नाही.

या गुपितावर लेखकाने हशा भरपूर पिकवला. इमरान बावळटपणा करतो, बाप चिडतो, नोकर सुलेमान उलट उत्तरे देतो, वाचक खूश. पण मुलगा वाया गेला असे मानून जगणाऱ्या अम्माबींचे काय, हा प्रश्न विनोदाखाली दबून जातो. इब्ने सफींची भाषा इतकी चोख की आपणही तो विचारत नाही. उर्दू शिकवणारा म्हणून त्या भाषेसाठी मी त्यांना बरेच काही माफ करतो, हेही सांगून टाकतो.

कथेतला देश त्यांनी बेनाव ठेवला. त्यामुळे सरहद्दीच्या दोन्हीकडे लोकांनी इमरानला आपला मानले. हिंदी आवृत्तीत मात्र इमरानचा राजेश झाला आणि 'जासूसी दुनिया'तल्या फरीदीचा विनोद. हमीद तेवढा हमीदच राहिला! नायक बदलायचा, जोडीदार चालतो, ही प्रकाशकी समज बरेच काही सांगून जाते.

माझ्या नववीच्या मुलींना इमरान ठाऊक नाही, 'राझी' पाठ आहे. हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सेहमत' (२००८) या इंग्रजी कादंबरीवरून मेघना गुलजार यांनी २०१८ मध्ये हा चित्रपट केला. १९७१ चा काळ. काश्मिरी बाप हिदायत आजारी आहे. तो कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून पाठवतो, हेर म्हणून. इमरानला वफादारी सिद्ध करावी लागत नाही, सेहमतला मात्र स्वतःचा संसार मोडून ती द्यावी लागते. आपल्या वाचकाला हा फरक बोचल्याशिवाय राहणार नाही.

तरीही चित्रपट प्रामाणिक आहे. सासरची माणसे दुष्ट रंगवलेली नाहीत. संशय येतो तो म्हाताऱ्या नोकराला, अब्दुलला. सेहमत त्याला गाडीखाली चिरडते आणि नंतर न्हाणीघरात कोसळते. तिथे हेरगिरीची सारी मर्दुमकी गळून पडते. इब्ने सफींनी टाळलेला हिशेब इथे मांडला गेला.

पण अर्धाच. हिदायत मुलीला पाठवतो आणि लवकरच मरतो. कथानकाला ते सोयीचे! मुलगी नवऱ्याचे मूल पोटात घेऊन परतते तेव्हा जाब द्यायला बाप उरलेलाच नसतो. उरते आई, तेजी. नवऱ्याचा बेत आणि मुलीचा होकार यांच्या मधोमध उभ्या असलेल्या या बाईच्या वाट्याला पटकथेने फार थोडी वाक्ये दिली आहेत. अम्माबींपेक्षा थोडी जास्त, इतकेच.