दाखला दरीचा, वाट पठाराची

पुंज संगणकाच्या ‘व्हेरिएशनल’ रीतीसाठी दरीत उतरण्याचा दाखला सर्रास दिला जातो. पुंज संगणक रेणूची ऊर्जा मोजतो, साधा संगणक मंडलातील कोन थोडे बदलतो. ऊर्जा घटली की पुढचे पाऊल. २०१४ साली हीलियम हायड्राइड आयनाची ऊर्जा अशीच काढली गेली. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना दाखला लगेच पटेल: कृष्णाही महाबळेश्वरहून उतरत सांगलीला येतेच.

पण तो इथेच फसवतो. पाण्याला उतार शोधावा लागत नाही. संगणकाला तो मोजावा लागतो. एकेका मोजणीचे उत्तर यदृच्छया येते; चूक निम्मी करायची तर मोजण्या चौपट. २०१८ साली मॅक्लीन व सहकाऱ्यांनी दाखवले, की यदृच्छया रचलेल्या मंडलात क्यूबिट वाढतील तसा उतार घातांकी वेगाने नाहीसा होतो. या स्थितीला त्यांनी ‘ओसाड पठार’ म्हटले. म्हणजे दरी नव्हे, धुक्यातले कासचे पठार!

आरंभ रसायनशास्त्राच्या आधारे निवडणे, मंडल उथळ ठेवणे हे उपाय आहेत. मात्र मंडल फार सोपे केले, तर साधा संगणकही ते सोडवतो. मग पुंज संगणक कशाला?

दाखला जरूर द्यावा. पण उतार मोजण्याची किंमतही फळ्यावर मांडावी.